बाल्कनीतला बर्फ

३ नोव्हेंबर

ओउलूला बर्फ पडला. मोसमातला पहिला. शिवांजलीने बाल्कनीतून व्हिडिओ कॉल लावला आणि आमच्या सौभाग्यवती निर्मलाबाईंनी फोनलाच हात जोडले. काशी-रामेश्वर दिसलं की काय म्हणून मीही घाईने चष्मा चढवला. बघतो तर कठड्यावर कुणीतरी खोबरं किसून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"किती पडला?" मी विचारलं.

"लई पडलाय, आप्पा!"

'लई' हे माप पाटबंधारे खात्याच्या कुठल्याही तक्त्यात नाही. एकतीस वर्षं मी राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी असं फिरत पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी रीडिंग घेतलं आणि मग बाशिंग बांधलं. खात्यात मला माघारी 'मिलिमीटर' म्हणत. माघारी म्हणजे माझ्या खुर्चीपासून चार फुटांवर. अशा माणसाची पोरगी 'लई' म्हणते, हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

तेव्हा ठरवून टाकलं. ओउलू हे फिनलंडच्या उत्तरेकडचं समुद्रकाठचं गाव. आमचे जावई रुद्रेश तिथे कॉम्प्युटरमध्ये आहेत. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन शिवांजली तिकडे गेली. तिला तिकडे अजून नोकरी नाही, मला इकडे आता नोकरी नाही; दोघांच्याही हाताला काम मिळेल. पांढरा रंग दिलेली एक फळी बाल्कनीत ठेवायची, स्टीलची पट्टी त्यावर उभी धरायची आणि रोज सकाळी साडेआठला बर्फाची जाडी सेंटीमीटरमध्ये कळवायची. तिथले साडेआठ म्हणजे आपले दुपारचे बारा. रीडिंग आल्याशिवाय मी ताटावर बसणार नाही, हेही सांगितलं.

"आप्पा, आणि आठ-दहा दिसांनी तवा हितं अंधार असतोय," ती म्हणाली.

"मग बॅटरी घे," मी म्हटलं.

११ नोव्हेंबर

काल सतरा. आज चौदा. ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही. मी विचारलं, "तीन सेंटीमीटर कुणी नेला? तिकडं बी वाळू उपसा चालतो काय?"

ती म्हणाली की बर्फ आपल्याच वजनाने खाली बसतो. नवा बर्फ फुगलेला असतो, शिळा दबतो. उत्तर बरोबर निघालं. मी रात्री वाचून खात्री केली. पोरगी हुशार आहे. आईवर गेलेली नाही, असं मी निर्मलाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हटलं.

वाचताना आणखी एक गोष्ट कळली. दहा सेंटीमीटर नवा बर्फ वितळवला तर साधारण एक सेंटीमीटर पाणी भरतं. म्हणजे ओउलूचा अख्ख्या हिवाळ्यातला बर्फ वितळवला तरी आमच्या गगनबावड्याला जुलैत तेवढं दोन दिवसांत पडतं. त्यावर हे लोक घसरगाड्या चालवतात, जगभरच्या पर्यटकांना बोलावतात आणि फोटो काढून घेतात. गगनबावड्याला आम्ही एकतीस वर्षं नुसते भिजलो.

रीडिंग चालू असताना मागून जावयांचा आवाज आला. "मामांचं खातं अजून बंद झालं न्हाय व्हय?" मला हसू आलं. जावयाला विनोदबुद्धी आहे. घरात असा एक माणूस हवाच, नाहीतर परदेशात पोरीला करमायचं कसं.

१९ नोव्हेंबर

एकतीस. चार दिवसांत दुपटीहून जास्त. समुद्र अजून गोठलेला नाही, त्याच्यावरून येणारं वारं ओल घेऊन येतं आणि किनाऱ्यावर बर्फ टाकतं. समुद्र एकदा गोठला की हा पुरवठा बंद. म्हणजे तिथेही पाणी आहे तोवर उचलून घ्यायचं, असाच व्यवहार आहे.

तिथल्या हवामान खात्याची साइटही सापडली. त्यांचं केंद्र विमानतळावर, त्यांचा आजचा आकडा चौतीस. आपला एकतीस. असा दोन-चार सेंटीमीटरचा फरक पाहिजेच. फरक असला की समजावं, माणसाने खरोखर मोजलं आहे.

शिवांजली हल्ली कुजबुजत रीडिंग सांगते. "हळू बोला आप्पा, हे झोपल्यात." सकाळी साडेआठला झोपणारा इंजिनिअर! आमच्या वेळी साडेआठला झोपलेला माणूस फक्त दवाखान्यात सापडायचा.

२८ नोव्हेंबर

आज रीडिंग बारा चाळीसला आलं. चाळीस मिनिटं उशीर. मधल्या वेळात मी चार फोन केले, एकही उचलला नाही. भात निवला. शेवटी बाईसाहेबांचा फोन आला तेव्हा दात वाजत होते, शब्द फुटत नव्हता.

"दार अडकलं हुतं, आप्पा. बाल्कनीचं."

"तिकडची दारंबी सरकारी दिसत्यात!" मी म्हटलं आणि हसलो. ती हसली नाही. उणे एकवीस तापमानात बाहेर जाताना कोट घालून जावं, एवढं तरी कोल्हापुरात शिकवलं होतं, असं मी सुनावलं. ती "व्हय" म्हणाली. मग आकडा सांगितला. चौतीस.

शेरा: उशीर. कारण असमाधानकारक.

२९ नोव्हेंबर

रीडिंग नाही. निर्मला म्हणाली, जेवून घ्या. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत असावी. भाजी मात्र दोडक्याची होती.

३० नोव्हेंबर

फक्त मेसेज. '३६'. व्हिडिओ नाही. कॅमेरा बिघडला म्हणे. एवढ्या थंडीत यंत्रं तरी काय करणार.

१२ डिसेंबर

दोन आठवडे नियमित मेसेज. ठोक बारा वाजता. उशिरावरून बोललो त्याचा उपयोग झाला. माणसाला वेळच्या वेळी टोचलं की सुधारतं, हे मी खात्यातही बघितलं आहे.

निर्मला दुपारी फोन घेऊन गच्चीवर जाते. खाली रेंज नसते म्हणे. आमच्या घरात रेंज एवढी आहे की शेजारी माझ्या वायफायवर सिनेमे बघतात. आज तिने भडंग, शेंगदाण्याची चटणी, दोन स्वेटर आणि एक रजई असं पार्सल केलं. रजई! जिथे घरं आतून भट्टीसारखी गरम ठेवतात तिथे इचलकरंजीची रजई. मी म्हटलं, मी टाकून येतो कुरियरला. "नको, मीच जातो," म्हणाली. जी बाई पिनकोड म्हणजे फोन नंबर समजते ती स्वतः परदेशचं पार्सल करायला गेली. प्रगती आहे.

२१ डिसेंबर

आज बसून पडताळा घेतला आणि डोकं फिरलं. तीस नोव्हेंबरपासून पोरीचा आकडा आणि साइटवरचा आकडा रोज सेंटीमीटरला सेंटीमीटर जुळतो. बावीस दिवस! विमानतळ आणि तिची बाल्कनी यांच्यात किती तरी मैलांचं अंतर. बर्फ काय दोन्हीकडे रेशनकार्डावर पडतो?

ही चोरी मी ओळखतो. आमच्या एका केंद्रावर ज्ञानू नावाचा माणूस होता. पुरात पर्जन्यमापक मुळासकट वाहून गेलं, तरी पुढचे नऊ दिवस त्याचं रीडिंग येत होतं. दशांशासकट. मी तिथे जाऊन उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, अंदाज हाय की माझा." तसाच हा प्रकार. पोरगी गादीवर लोळत साइट उघडते आणि बापाला आकडा फेकते.

फोन लावला आणि झाडलं. "मोजायचा कंटाळा आला असंल तर तसं सांग. खोटी नोंद करू नको. मिलिमीटरची पोरगी ज्ञानू निघाली म्हणून मी कुठं सांगू?"

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, मोजायला जमत न्हाय मला आता."

"का? पट्टी गोठली?"

निर्मलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "जेवा आता," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझ्या हातातून काही काढून घेतलेलं मला आठवत नाही.

२ जानेवारी

आज माझा वाढदिवस. महिन्याभराने व्हिडिओ कॉल आला, कॅमेरा दुरुस्त झालेला दिसतो. तिथे दुपार होती. पोरगी वाळली आहे. केस कापलेत. मी म्हटलं, "न्हावी लई महाग म्हणून आरशात बघून कापलंस व्हय?" ती थोडं हसली.

पण मुद्दा तो नाही. ती बोलत असताना मागची खिडकी दिसत होती. खाली नदी, पलीकडे चर्चचा मनोरा, ओल्या काळ्या फांद्या आणि काचेवर पाऊस. पाऊस! कठडा ओला, जमीन काळी, बर्फाचं नाव नाही. मी लगेच निर्मलाच्या फोनवर साइट उघडली. ओउलू: अडतीस सेंटीमीटर. मी खिडकीबद्दल विचारणार तेवढ्यात तिने फोन दुसरीकडे वळवला. तोवर मी स्क्रीनचा फोटो मारला होता. संध्याकाळी रंकाळा तलावावर माझ्यासोबत फिरणाऱ्या गणपतरावांनी मला तेवढं शिकवून ठेवलं आहे.

म्हणजे हवामान खात्याचाच आकडा खोटा. जमिनीवर चिमूटभर बर्फ नसताना हे लोक अडतीस छापतात! आणि आमची कन्या कॉपी करते ती अशी चुकीच्या पेपरवरून. फार दिवसांनी मला हुरूप आला आहे. ज्ञानू फक्त शाहूवाडीकडेच असतात असं नाही, युरोपातही असतात.

३ जानेवारी

सकाळपासून पत्राच्या मागे. खात्यात वापरायचो ती इंग्रजी अजून गंजलेली नाही. 'आपल्या खात्याविषयी पूर्ण आदर राखून नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की, दिनांक २ रोजीची आपली नोंद प्रत्यक्ष परिस्थितीशी विसंगत आढळते. सोबत पुरावा.' खाली एकतीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख केला आणि फोटो जोडला. पोरीचा चेहरा कापून फक्त खिडकी ठेवली. पाठवून टाकलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर गणपतरावांना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. म्हणाले, "आता तिथल्या सायबाची बदली गगनबावड्याला करा." मला विनोद आवडला.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी उत्तर आलं.

कुणा बाईने लिहिलं आहे. फार सभ्य आहे. एवढ्या लांबून आमच्या बर्फाकडे इतकं बारीक लक्ष ठेवल्याबद्दल आभार. ओउलूची त्या दिवशीची नोंद पुन्हा तपासली, ती बरोबर आहे. मात्र आपण जोडलेलं चित्र ओउलूचं नाही. ती नदी आणि तो मनोरा तुर्कू शहरातला आहे. तुर्कू दक्षिणेला, ओउलूपासून साडेसहाशे किलोमीटरवर. तिथे समुद्रावरून उबदार हवा येते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतही कित्येकदा बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि पडलेला बर्फ टिकत नाही. दोन जानेवारीला तुर्कूत बर्फाची जाडी शून्य होती.

मी तिळाच्या वड्या थापत बसलेल्या निर्मलापुढे फोन धरला. वाचून दाखवलं. तुर्कू म्हणजे काय, असं तिने विचारलं नाही. तिथेच मला समजायला हवं होतं. पण मी म्हटलं, "फिरायला गेलती व्हय? जोडीनं? आणि आपल्यास्नी पत्ता न्हाय!"

"फिरायला न्हाय. ऱ्हाती तिथं. दीड म्हयना झाला."

"आणि रुद्रेश?"

"ते ओउलूत."

मग तिने वड्या तशाच ठेवल्या, हात पुसले आणि सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

रुद्रेश चिडला की आठवडा-आठवडा तिच्याशी बोलायचा नाही. तिने नोकरीला अर्ज केला की तो परस्पर नको म्हणून कळवायचा. माझ्या रीडिंगची तो रोज टिंगल करायचा. अठ्ठावीस नोव्हेंबरला ती घरातल्या स्वेटरवर, पट्टी घेऊन, दोन मिनिटांसाठी बाल्कनीत गेली. त्याने आतून कडी लावली. काचेपलीकडून म्हणाला, "मोज आता तुझ्या बाचा बर्फ, निवांत." आणि हसत आत गेला. चाळीस मिनिटं. तिने काच वाजवली. तिच्या खिशात माझा फोन वाजत होता. बोटं वळत नव्हती म्हणून तिला उचलता आला नाही. पण तो सारखा वाजतोय हे खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने ऐकलं, ती वर आली आणि तिने बेल मारली. तेव्हा त्याने कडी काढली. म्हणाला, मस्करी केली.

"आणि आत आल्या-आल्या तिनं पयला फोन तुमाला केला," निर्मला म्हणाली. "तुमी जेवला नसणार म्हणून. आकडा सांगायला."

त्याच संध्याकाळी ती आगगाडीत बसली. तुर्कूत सौंदर्या आहे, गडहिंग्लजची, तिची कॉलेजातली मैत्रीण. तिने खोलीत जागा दिली. आता एका बेकरीत काम लागलं आहे. आणि रोज साडेआठला, कामाच्या मध्ये, साइट उघडून ती मला ओउलूचा आकडा पाठवत होती. बाहेर पाऊस पडत असताना छत्तीस, सदतीस, अडतीस.

"मला का न्हाय सांगितलं?" मी विचारलं.

"ती सांगणारच हुती. पर त्या दिशी दार अडकलं म्हटल्यावर तुमी हसलासा. मग ती म्हणाली, आई, आप्पा आदी हसणार, मग चिडणार, मग रंकाळ्यावर जाऊन रंगवून सांगणार. मला तेवढं सोसायचं न्हाय."

मी फोन खाली ठेवला. नेहमी काहीतरी सुचतं. आज सुचलं नाही.

१५ जानेवारी

अठ्ठावीस नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. 'कारण असमाधानकारक.' माझंच अक्षर. खोडणार नाही. नोंद खोडायची नसते, आणि मी कसा होतो हे राहू दे लिहिलेलं.

१८ जानेवारी

तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. आज फोन केला. ती "आप्पा" म्हणाली आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "काय गं, तुर्कूत बर्फाचा दुष्काळ पडलाय म्हणं. टँकर लावू का?"

"व्हय, आप्पा," ती म्हणाली. मग, "आईला द्या फोन."

मला माझी लाज वाटली. माणूस खोकला आला की खोकतो तशी मी थट्टा करतो, मला ती थांबवता येत नाही. आजवर मला वाटायचं की लोकांना ते आवडतं.

२६ जानेवारी

व्याह्यांचा फोन. मृत्युंजयअण्णा, रुद्रेशचे वडील, कागलला खताचं दुकान. आवाज असा की फोन कानापासून फूटभर लांब धरावा लागतो.

"पावणं! पोरांचं काय तरी बिनसलंय म्हणं! थंडीत डोस्कं फिरतंय वो माणसाचं. आठ तारखेला या. चार कर्ती माणसं बसू, पोरगीला फोन लावू, तुमी दोन शब्द समजावून सांगा. बाचं ऐकती पोरगी. तुमी जा म्हटलं की जाईल."

मी "बघू" म्हणालो.

खरं लिहायचं तर दोन दिवस मीही तसाच विचार करत होतो. रागात झालं असेल. एकदाच झालं. चुलत भावाच्या पोरीचं लग्न ठरतंय, त्यात हे बाहेर पडलं तर त्यांनाही त्रास. पोरगी बेकरीत पाव भाजते हे मी कुणाला सांगू? जावयाने माफी मागितली, दोघं एकत्र आले, तर माझं हे सगळं लिहिणंही वाया गेलं तरी चालेल. असं मला खरोखर वाटत होतं.

निर्मलाने भाकरी थापता-थापता विचारलं, "तिथं काय सांगणार हाईसा?"

"बघू."

"बघू म्हंजे किती? मोजून सांगा की. तुमीच म्हणत असतासा."

मी ताटावर बसलो. जेवण झाल्यावर गच्चीत पाण्याच्या टाकीला टांगलेलं माझं थर्मामीटर आणून बर्फ करायच्या कप्प्यात ठेवलं. फ्रिजचा तो कप्पा उणे अठरा. मी हात आत घातला आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटांत दुखायला लागलं. पाच मिनिटांनी बोटं आपली वाटेनात. सहाव्या मिनिटाला निर्मलाने येऊन माझा हात बाहेर ओढला. "म्हातारपणी काय हे येडं च्याळं?" म्हणाली आणि हात स्वतःच्या हातात धरून चोळत बसली. बोटांत जीव यायला वेळ लागला. तिथेच ठरलं.

८ फेब्रुवारी

कागल. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बैठक. मृत्युंजयअण्णा, त्यांचे दोन भाऊ आणि एक साडू. साडूंचं काम म्हणजे कुणाचंही मोडलं की मिटवायला बसणं. पोहे आले, चहा आला. निर्मलाला आतल्या बायकांनी बोलावलं. ती गेली नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. एका भावाने घसा खाकरला, पण ती उठली नाही.

फोनवर रुद्रेश दिसत होता. नवा स्वेटर, मागे खिडकी, खिडकीबाहेर पांढराशुभ्र बर्फ.

"मामा, मस्करी हुती वो," तो म्हणाला. "दोन मिनिटांत उघडणार हुतो. मीटिंगचा फोन आला, त्यात इसरलो."

"बगा," मृत्युंजयअण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "मस्करी! आणि पावणं, तुमी सवता येवढं थट्टेखोर. बोलायला लागलासा की समोरच्याची सालटी काढतासा. जावयानं एकदा थट्टा केली तर तुमास्नी कळाय नको व्हय?"

सगळे हसले. साडू तर मला टाळी द्यायला पुढे झाले.

मला उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं. ते बोललो असतो तर सगळे आणखी हसले असते आणि बैठक मस्त रंगली असती. मी ते गिळलं.

"उणे एकवीस," मी म्हटलं. "चाळीस मिनिटं. कोट न्हाय, हातमोजं न्हाय. खालची म्हातारी वर आली नसती तर आज तुमी मला मिटवायला न्हाय, सांत्वनाला बोलावलं असतं. ही मस्करी न्हवं, अण्णा. माझी पोरगी मेली असती."

साडूंनी हात मागे घेतला. कुणी हसलं नाही.

"मग आता म्हणणं काय तुमचं?" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ती परत जाणार न्हाय."

"आणि लोकास्नी काय सांगायचं?"

"लोकास्नी मी सांगतो. माझ्या पोरीनं घर सोडलं आणि बरं केलं, असं सांगतो. तुमच्या गल्लीत बी सांगतो, माझ्या बी."

"तुमी मिटवायला आलतासा न्हवं?"

"न्हाय," निर्मला म्हणाली. तिथे ती बोललेला हा एकच शब्द. आणि आम्ही उठलो. खाली चपला घालताना माझी डावी-उजवी झाली. एवढं सरळ बोलायची सवय नाही.

संध्याकाळी शिवांजलीचा फोन आला. बेकरी सुटली होती. सासऱ्यांनी तिला आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, त्यांच्या पद्धतीने.

"आप्पा, तुमी खरंच असं म्हणालासा?"

"व्हय."

"चेष्टेत न्हवं?"

"न्हाय."

ती रडायला लागली. मी थांबलो. एक-दोनदा जीभ वळवळली, काहीतरी बोलून तिला हसवावं असं वाटलं, पण मी दात घट्ट आवळून बसलो. मग ती बोलायला लागली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. जे तिने आईलाही सांगितलं नव्हतं तेही. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. निर्मला दाराशी येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत गेली. दिवे लागले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. एवढा वेळ माझा आवाज न आल्यामुळे शिवांजली एकदम घाबरली.

"आप्पा? हायसा न्हवं?"

"हाय," मी म्हटलं. "बोल तू."